पाणी जैसे थे

रुमाल एकशे बेचाळीस, पुडकं सातवं.
पानामागे पैसे मिळतात मला,
तेव्हा इथे गहिवरून यायची सोय नाही.
मोडीतलं देवनागरीत आणायचं,
आणि बडोद्याच्या या कोठीतल्या पंख्याखाली
कागद उडू द्यायचा नाही, बस.

लेफ्टनंट एडविन टँकर्ड.
पहिल्या पानावर टाणकर्त, तिसऱ्यावर टाणकट,
पाचव्यावर कारकून लाडोबा गुप्ते कंटाळले असावेत:
ठाणेकर साहेब.
पुढे तेच टिकलं.

साहेबांनी तोंडी सांगितलेली हकीकत
नोकरीच्या अर्जात लाडोबांनी उतरवून घेतली आहे.
चौदाव्या वर्षी जहाजावर चढले. ताप दोनदा.
मस्कतला बोट गेली. एडनला बोट गेलं.
(पहिली तीन शिडांची, दुसरं डाव्या हाताचं;
लाडोबांचं व्याकरण चोख होतं.)
खंबायतच्या आखातात नऊ वर्षं ओळंबा सोडून
चिखल मोजला. तिथली भरती म्हणे
घोड्यावरच्या माणसाला गाठते.
वाळूचा एक दांडा नकाशावर त्यांच्या नावाने छापला गेला.
पुढच्या मोजणीत दांडा जागेवर नव्हता.
मग सन त्रेसष्टात मुंबईचं आरमारच मोडलं.

इकडे दरबाराने ठेवून घेतलं
सुरसागर तलावातल्या दोन नावांवर.
दरमहा ऐंशी रुपये, बाबाशाही.
काम एवढंच की सणाच्या दिवशी
नाव उलटू नये.

पण साहेबांनी वही घातली.
रोज पहाटे पायरीवर उभं राहून सांगायचे,
लाडोबा लिहायचे, डोळ्यांत झोप घेऊन:
ज्येष्ठ शुद्ध तृतीया. भरती नाही. ओहोटी नाही.
पाणी जैसे थे.
ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी. भरती नाही. ओहोटी नाही.
एकदा खोली मोजली, साहेब म्हणाले, दोन वाव.
झवेर कहार वल्ही टाकून हसला:
वाव तर जिना उतरून जायची विहीर,
तळ्यात दोन विहिरी कुणी बुडवल्या, साहेब?
लाडोबांनी हेही लिहिलं आहे. का लिहिलं, कोण जाणे.

भाद्रपद वद्य षष्ठी. विश्वामित्रीस पूर.
साहेब रात्री दोनदा उठोन नदीवर गेले.
पाणी सात हात चढले. घाटावर मगर एक.
शेरा: भरती.
त्या शब्दाखाली दोन रेघा आहेत.
सरकारच्या नावाखालीसुद्धा
लाडोबांनी कधी रेघ ओढली नव्हती.

पुढच्या पानांवर माझं काम अडतं.
'साहेब दिन बसोन होते.'
मोडीत ऱ्हस्व दीर्घ नसतो.
दिवसभर बसले होते, की दीन होऊन बसले होते?
वरच्या साहेबांना विचारलं.
ते म्हणाले, एक काहीतरी ठरवा, पुढे जा.
मी दोन्ही लिहून एक खोडलं.
कोणतं, ते आता आठवत नाही.

माघ वद्य नवमी. खर्च:
नव्या नावेकरिता आणलेल्या सागवानी फळ्या,
पैकी सहा, साहेबांचे पेटीस.
खिळे पाऊण शेर. झवेर कहारास इनाम रुपया एक,
घेतला नाही. परत जमा.

दुसऱ्या दिवशीची नोंद त्याच अक्षरात आहे:
भरती नाही. ओहोटी नाही. पाणी जैसे थे.
तिसऱ्या दिवशीची. चौथ्या दिवशीची.
वही बंद करण्याचा हुकूम कुणी काढला नसावा,
किंवा निघाला असेल आणि लाडोबांनी तो
याच रुमालात कुठेतरी नीट घडी करून ठेवला असेल.
मला सापडला नाही. फार शोधलाही नाही.

अकरा महिने.
'वरीलप्रमाणे' लिहा म्हणतात, शाई वाचते.
मी प्रत्येक दिवस पूर्ण लिहितो,
आणि म्हणूनच पौषातली ती एक ओळ निसटली नाही,
बाकीच्यांहून बारीक अक्षरात, समासाला लागून:
आज पाणी चाखोन पाहिले. गोडे.